‘मोअर हायर’ चूक, मग ‘मोअर ब्यूटिफुल’ बरोबर कसे?

प्रश्न (सदाशिव पेठ)
माझी मुलगी मराठी माध्यमात आठवीत शिकते. तिने लिहिलेल्या ‘तोरणा इज मोअर हायर दॅन सिंहगड’ या वाक्यातील ‘मोअर’भोवती बाईंनी लाल शाईने गोल केला आहे, मात्र ‘मोअर ब्यूटिफुल’ला बरोबरची खूण दिली आहे. ‘सीनियर दॅन मी’ यातील ‘दॅन’ही खोडले आहे. तिला समजेल अशा रीतीने यामागचे कारण कोणी सांगाल का?

उत्तर (कोथरूड)
ताई, ‘हायर’मधला शेवटचा ‘अर’ हाच तुलना दाखवतो, त्यामुळे त्याच्या आधी पुन्हा ‘मोअर’ लावले की एकाच कामाला दोन माणसे नेमल्यासारखे होते. मराठीत ‘तोरणा सिंहगडापेक्षा उंच आहे’ म्हणताना ‘उंच’ बदलत नाही, आणि ‘जास्त उंच’ म्हटले तरी काही बिघडत नाही. ती सवय मुले इंग्रजीत नेतात. ‘टॉल’, ‘चीप’ असे एका सिलॅबलचे, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे, शब्द सहसा ‘अर’ घेतात, ‘ईझी’सारख्यांचे ‘ईझिअर’ होते, तर ‘ब्यूटिफुल’, ‘इंटरेस्टिंग’ अशा लांब शब्दांना ‘मोअर’ लागते. मधल्या लांबीच्या शब्दांचा मात्र नेम नाही: ‘सिंपल’चे ‘सिंप्लर’ चालते, पण ‘केअरफुल’ला ‘मोअर’च हवे. ‘गुड’चे ‘बेटर’ आणि ‘बॅड’चे ‘वर्स’ ही रूपे पाठच करावी लागतात.

‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ ही लॅटिनमधून आलेली तुलनेची रूपे असून त्यांच्यापुढे ‘टू’ येते.

उत्तर (कर्वेनगर)
वरील उत्तर योग्यच आहे, परंतु गुण अधिक जातात ते तुलना कशाची कशाशी केली यावर. ‘द हाइट ऑफ तोरणा इज ग्रेटर दॅन सिंहगड’ असे लिहिले की उंचीची तुलना थेट किल्ल्याशी होते, म्हणून ‘दॅन दॅट ऑफ सिंहगड’ लिहावे. तोरणा सुमारे १४०० मीटर, सिंहगड सुमारे १३०० मीटर, तेव्हा माहिती बरोबर आहे. वाक्य तेवढे चुकते. तसेच तोरणा पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला आहे हे तुलनेने सांगायचे असेल, तर ‘दॅन एनी अदर फोर्ट इन पुणे डिस्ट्रिक्ट’ म्हणावे, कारण ‘अदर’ गाळले तर तोरणा स्वतःपेक्षाही उंच ठरतो.

पुन्हा प्रश्न (सदाशिव पेठ)
आभारी आहे. ‘खूपच उंच’ म्हणताना ‘व्हेरी हायर’ चालेल का?

उत्तर (कोथरूड)
नाही. तेथे ‘मच हायर’ किंवा ‘फार हायर’ लिहावे. ‘व्हेरी’ फक्त ‘हाय’ला लागते.

उत्तर (सहकारनगर)
एक अपवाद सांगतो, जो शाळेत क्वचितच शिकवतात. एकाच माणसाच्या दोन गुणांची तुलना असेल, तर छोट्या शब्दालाही ‘मोअर’ लागते: ‘ही इज मोअर शाय दॅन रूड’, म्हणजे तो उद्धट नाही, बुजरा आहे. येथे ‘शायर’ लिहिणे चूक ठरेल.