आखूड हाताचा टॅकल: माप बघायचं की खेळ?

गोदाकाठ:
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची क्रमाने निवड, जवळ आला की कॉलेजच्या टॅकल्सच्या (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीत टोकाला उभ्या राहणाऱ्यांच्या) हातांना ३३ इंचाची पट्टी लागते. हात थोडा आखूड निघाला की ‘याला गार्ड करा’, म्हणजे टॅकलच्या आतल्या जागी उभं करा, हा शेरा ठरलेला. २०२५ मध्ये एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट) विल कॅम्बेलचं तेच झालं. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचण्यांत, त्याचा हात ३२ ५/८ इंच भरला, पुढे कॉलेजमधल्या चाचणीत तोच हात ३३ भरला! एसईसी या तगड्या कॉलेज लीगमध्ये तीन वर्षं लेफ्ट टॅकल खेळलेला पोरगा, आणि चर्चा कशावर, तर अर्ध्या इंचाच्याही आतल्या फरकावर. पेट्रियट्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेऊन टॅकललाच उभं केलं, ते योग्यच केलं.

रशॉन स्लेटरचा हात जेमतेम ३३. त्यालाही गार्ड करायला निघाले होते. २०१९ चा नॉर्थवेस्टर्न-ओहायो स्टेट सामना लावून बघा. समोर ओहायो स्टेटचा चेस यंग, कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एज रशर, पुढच्याच ड्राफ्टमध्ये दुसरा गेलेला. स्लेटरपुढे त्याची फारशी डाळ शिजली नाही. बॉलकडे बघू नका, स्लेटरच्या पायांकडे बघा: मागे सरकताना पाय जवळ येतात का, धक्का बसल्यावर कंबर खाली राहते का. चार्जर्सनी २०२१ मध्ये त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच वर्षी तो प्रो बोलला (हंगामातल्या निवडक खेळाडूंत) गेला.

याउलट ग्रेग रॉबिन्सन. ३५ इंचाचे हात, दीडशे किलोचा देह आणि ४० यार्ड ५ सेकंदांच्या आत. २०१४ मध्ये रॅम्सनी दुसऱ्या क्रमांकावर घेतला आणि पार फसले. ऑर्लँडो ब्राउनची कम्बाइन इतकी वाईट गेली की तो तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला, आणि प्रो बोल गाठले ते त्यानेच.

सह्यकडा:
ब्राउनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्याची धाव वाईट होती, बेंच प्रेसही वाईट, पण हात ३५ इंचाचे होते! ज्या मापाला तुम्ही नावं ठेवताय, तेच त्याच्या कामी आलं.

टॅकल बाहेरच्या कडेला एकटा असतो. लांब हाताच्या एज रशरचा पंजा आधी छातीवर पडला, तर पाय कितीही चांगले असोत, तो मागेच ढकलला जाणार. गार्डच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, त्याचं निभावतं. पीटर स्कोरॉन्स्की नॉर्थवेस्टर्नला उत्तम टॅकल होता, तरी टायटन्सनी त्याला गार्डलाच खेळवलं. स्लेटर अपवाद आहे, आणि अपवादावर पहिल्या फेरीची निवड लावणं मला मान्य नाही.

गोदाकाठ:
ब्राउनच्या हातांचं मान्य. पण तेवढंच माप रॉबिन्सनचंही होतं ना? ऑबर्नचा सगळा भर धावण्यावर, त्यामुळे मागे सरकत पासचं संरक्षण करणं त्याला फारसं करावंच लागलं नव्हतं. ते सामन्यांत दिसत होतं.

पूर्वा:
म्हणजे सामन्यांत दिसत नव्हतं, असं म्हणा. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. कॉलेजचे बरेच संघ बॉल झटकन सोडतात, लाइनमनला दोन सेकंद तग धरला की पुरे. त्या टेपवरून तिसऱ्या सेकंदाला तो काय करेल हे कसं कळणार? म्हणून मला सीनिअर बोलच्या (ड्राफ्टआधी कॉलेजच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या) सरावातली एकास एक झुंज जास्त मोलाची वाटते. क्विन माइनर्झ छोट्या कॉलेजांच्या तिसऱ्या डिव्हिजनचा, २०२० चा त्याचा हंगामच कोविडमुळे रद्द झाला. सीनिअर बोल होतो त्या मोबीलला मोठ्या कॉलेजांच्या पोरांसमोर उभा राहिला, म्हणून ब्रॉन्कोजनी तिसऱ्या फेरीत घेतला आणि पुढे ऑल-प्रो (वर्षाच्या सर्वोत्तम संघात) झाला.

सह्यकडा:
आणि जॉर्डन मायलाटा? ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना नाही. ईगल्सनी २०१८ मध्ये देह बघूनच घेतला. खेळ बघूनच घ्यायचं म्हटलं असतं, तर तो आज लेफ्ट टॅकलला दिसलाच नसता.

गोदाकाठ:
सातव्या फेरीत घेतला, २३३ वा. तिथे देहावर जुगार खेळायला माझी काहीच हरकत नाही. शिवाय त्याला घडवायला जेफ स्टाउटलंडसारखा लाइन कोच होता आणि पहिली दोन वर्षं त्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या पोराला पहिल्याच रविवारी मैदानात ढकलतात, तिथे देहावर जुगार परवडत नाही.