फॉर्मवरचा ‘नातं’ हा रकाना: समलिंगी जोडप्यांना कुठे अडवतात?

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम 377 मधून (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं कलम) बाहेर काढले. 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाचा हक्क मात्र नाकारला. म्हणजे गुन्हा नाही, पण नातंही नाही. इथे आपबीती नाही; कुठे अडतं आणि वाट कशी काढायची, एवढंच.

भाड्याचं घर
दोघांची नावं करारात हवीतच. एकाचंच असलं की दुसरा कायमचा ‘पाहुणा’ ठरतो आणि वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत कुणीही त्याला हटकतं. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. ‘कमिटी नाही म्हणते’ असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, मालकाने 8 दिवस आधी कळवलं की पुरे. मालकच नको म्हणाला तर काही इलाज नाही. खासगी घरमालकाला अशा भेदभावापासून रोखणारा कायदा आपल्याकडे नाही.

बँक, पीएफ, मृत्युपत्र
काउंटरवर ‘रक्ताचं नातं लागतं’ असं बिनदिक्कत सांगतात. ते खोटं आहे. समलिंगी जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला किंवा त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केलंय. त्या पत्रकाची प्रत सोबत न्या, वाद लवकर मिटतो.

खरी गोची पुढे आहे. बँकेतला नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. वारस दावा लावू शकतात. विम्यातही 2015 च्या दुरुस्तीनंतर रकमेवर हक्क मिळणारा नॉमिनी म्हणजे आईवडील, नवरा-बायको किंवा मुलंच. पीएफ त्याहून कडक: योजनेच्या व्याख्येतलं ‘कुटुंब’ असेल (त्यात तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील आले) तर बाहेरच्याचं नामांकन रद्दबातल ठरतं. तसं कुटुंबच नसेल तर कुणालाही नेमता येतं.

म्हणून मृत्युपत्र कराच. साक्षीदार 2, पण जोडीदाराने साक्षीला सही करू नये. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या आणि त्याच दिवसाचा डॉक्टरचा दाखला जोडा, कारण पुढे ‘शुद्धीत नव्हता, दबाव होता’ हाच आक्षेप येतो. भावंडांचा उल्लेख करून त्यांना का दिलं नाही तेही एका ओळीत लिहा. उल्लेखच नसला की ‘आम्हाला विसरला’ म्हणून भांडायला जागा मिळते.

भेट आणि आयकर
जिवंतपणी पैसे द्यायचे तर जपून. नवरा-बायकोच्या भेटीवर आयकर नाही; जोडीदार मात्र कायद्याने परका. परक्यांकडून वर्षाला 50,000 रुपयांच्या वर मिळालं की सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरतात. मृत्युपत्राने मिळालेल्याला हे लागू नाही.

डॉक्टर
‘लग्न लावून द्या, बरा होईल’ असं सांगणारे अजून आहेत. समलिंगी कल ‘बदलण्याचे’ उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. चिठ्ठी, औषधांची नावं, बिल जपून ठेवा आणि तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करा. बुवा आणि नोंदणी नसलेले समुपदेशक यात येत नाहीत, आणि घरचे बहुधा त्यांच्याकडेच नेतात! मानसिक आरोग्य कायदा 2017 खाली साध्या कागदावर सही करून जोडीदाराला नामनिर्देशित प्रतिनिधी (मानसिक उपचारांच्या निर्णयांत तुम्हाला साथ देणारा) नेमता येतं. हे बरे असतानाच करून ठेवा.

डेटिंग ॲपवरून खंडणी
ठरलेली पद्धत: भेटायला बोलवायचं, खोलीत आणखी दोघे-तिघे घुसतात, व्हिडिओ काढतात, यूपीआयने पैसे घेतात. ‘घरी सांगू’ ही धमकी चालते कारण घरी माहीत नसतं. ‘377 लावू’ ही निव्वळ थाप. पहिला हप्ता दिला की दुसरा मागतातच. भीतीपोटी चॅट उडवू नका, तोच पुरावा. प्रोफाइलचा स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घेऊन लगेच 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा; उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत जातात. ओळखीच्या भागातल्या चौकीत जायचं नसेल तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर, हद्द न पाहता) गुन्हा नोंदवता येतो.