न्हाणीत गॅस गिझर लावू का? दर्यापूरकडचं घर आहे

प्रश्न:
आमच्याकडे अजून तुराट्या-पऱ्हाट्या जाळून बंबात पाणी तापते. माय 71 वर्षांची. धूर सोसत नाही, पहाटे खोकून बेजार होते. पहाटेच लाईन जाते, म्हणून करंटचा गिझर कामाचा नाही. सेलवर चालणारा गॅस गिझर पाहून आलो. न्हाणी चार बाय पाच फूट, एकच झरोका, तोही थंडीत माय पोत्यानं बुजवते. दुकानदार म्हणे, ‘सगळे ऑटो कट आहेत, आत लावा.’ नेमकं काय काय कट होते?

उत्तर, मूर्तिजापूरचा गिझर फिटर:
भाऊ, आत लावू नका. पाण्याचा दाब आला तरच गॅस सुटतो, नळ बंद केला की बंद. बर्नरपाशी पिन असते, ज्योत विझली की तिच्यामुळं व्हॉल्व्ह मिटतो. पाणी फार तापलं तरी कट. हे सारं चांगलंच आहे, पण ते गॅस गळू नये अन् अंग भाजू नये यासाठी. बंद न्हाणीत ज्योत हवेतला ऑक्सिजन खाते. मग गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. ज्योत तर चालूच असते, मग पिन कायले कट करन? सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, मोनॉक्साइडला वासच नाही. काही मॉडेलात 20 मिनिटांचा टायमर असतो, पण एकाची आंघोळ झाली अन् दुसऱ्यानं नळ सोडला की तो पुन्हा पहिल्यापासून मोजते. ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद करणारा सेन्सर सगळ्यांत नसते. असला तरी त्याच्या भरवशावर आत लावू नका.

उत्तर, अचलपूरहून:
फिटरदादा म्हणतात ते आम्ही भोगलं आहे. दोन वर्षांमागं जानेवारीत पुतणी आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज येत होता, पण हाक मारली तर ओ नाही. दार तोडलं तर ती खाली पडलेली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाचली. नंतर गिझर तपासला तर काहीच बिघाड नाही, सगळे कट बरोबर चालत होते! आता तो मागच्या पडवीत आहे, आत फक्त गरम पाण्याचा नळ येतो.

प्रश्नकर्ता:
ताई, वाचून हात थरथरला. पोतं आत्ताच काढलं. मागच्या भिंतीवर टिनाच्या छपराखाली लावला तर? न्हाणी तिथून आठ फूट.

फिटर:
चालते. छपराच्या तिन्ही बाजू मोकळ्या ठेवा, पावसाळ्यात ताडपत्रीनं बंद करू नका. सिलिंडर उभं, नालीपासून अन् खड्ड्यापासून दूर. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचते. वास आला तर कॉक बंद करून 1906 वर फोन लावा. आपल्याकडचं पाणी खारं, कॉइलमध्ये क्षार बसून धार बारीक होते, म्हणून हिवाळ्याआधी साफ करून घ्या. ज्योत निळी पाहिजे. पिवळी दिसली, काजळी धरली, तर वापरणं थांबवा. टाकी किती उंच आहे? दाब कमी असला तर पेटतच नाही.

प्रश्नकर्ता:
स्लॅबवर आहे, गिझरच्या जागेपासून सात-आठ फूट वर. रविवारी मोजून सांगतो.