शब्दचर्चा: ‘क्वर्की’ला मराठीत काय म्हणाल?

रानवेल: कतेरिना काम्प्रानी ही अथेन्सची वास्तुविशारद. ‘द अनकम्फर्टेबल’ या नावाने ती रोजच्या वापरातल्या वस्तू मुद्दाम गैरसोयीच्या करून मांडते. बोटं उघडी राहणारे गमबूट, दांड्याच्या जागी साखळी असलेला जेवणाचा काटा, आणि माझी सर्वांत लाडकी, झाडांना पाणी घालायची झारी. हिची तोटी वळून परत झारीतच उघडते. बळीचं दान थांबवायला शुक्राचार्यांना तोटीत बसावं लागलं होतं, इथे तोटीनेच ते काम केलंय.

अशा वाकड्या पण गमतीशीर गोष्टींना इंग्रजीत ‘क्वर्की’ म्हणतात. आईला फोटो दाखवले तर ती म्हणाली, “विचित्र आहे.” खरंय, पण ‘विचित्र’मध्ये कौतुक नाही. ‘भन्नाट’मध्ये कौतुक आहे, वाकडेपणा नाही. ‘विक्षिप्त’ आणि ‘तऱ्हेवाईक’ आपण माणसांना म्हणतो, झारीला कसं म्हणायचं? इंटरनेटवर अशा वस्तू, व्हिडिओ, सॉफ्टवेअर सापडलं की मी जपून ठेवते. त्या साठ्याला नाव द्यायचंय. शब्द सुचवा.

दौतटाक: ‘अफलातून’ चालेल का? मूळचा ग्रीक प्लेटो, अरबीत ‘अफलातून’ झाला आणि मराठीत येईपर्यंत चक्क विशेषण. अथेन्सच्या झारीला अथेन्सच्याच माणसाचं नाव! पण तुमचा आक्षेप त्यालाही लागू पडतो, वाकडेपणा त्यातही नाही.

तुमच्या प्रश्नावरून एक लक्षात आलं. तऱ्हेवाईक माणसाला आपण काय म्हणतो? ‘नग’. ‘नमुना’. ‘अजब चीज’. तिन्ही शब्द मुळात वस्तूंचे! दुकानात दोन नग मोजतात, कापडाचा नमुना दाखवतात. आपण ते माणसांना लावले. मग आता वस्तूंकडे परत न्यायला काय हरकत आहे? ‘ही झारी म्हणजे एक नमुना आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला अर्थ पोचतोच.

पाटीपेन्सिल: जपान्यांकडे नेमका शब्द आहे, ‘चिंदोगू’. ‘चिन’ म्हणजे विरळा, आगळा आणि ‘दोगू’ म्हणजे अवजार. हा शब्द रूढ केला केंजी कावाकामी यांनी. मांजराच्या पायात घालायचे फरशी पुसणारे बूट, सर्दीवाल्यासाठी डोक्यावर बांधायचा टिश्यूचा रोल, असल्या वस्तू. त्यांचे नियमही आहेत: वस्तू खरोखर बनवलेली हवी, विकायची नाही, पेटंट घ्यायचं नाही. काठीवर कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढायची युक्ती 1995 साली त्यांच्या पुस्तकात निरुपयोगी गंमत म्हणून छापली होती. पुढे तीच सेल्फी स्टिक म्हणून जत्रेजत्रेत विकली गेली. म्हणून ‘निरुपयोगी’ हा शब्द मात्र कृपया नको.

आणि त्या साखळी-यंत्रांच्या व्हिडिओंचं काय? गोटी घरंगळते, डोमिनो पडतात, फुगा फुटतो आणि शेवटी एक दिवा लागतो. इंग्रजीत याला रूब गोल्डबर्ग या व्यंगचित्रकाराचं नाव आहे. तो शिकलेला इंजिनिअर, सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी-गटार खात्यात काही काळ नोकरीला होता. 1931 साली त्याने तोंड आपोआप पुसणाऱ्या रुमालाचं चित्र काढलं. चमचा उचलला की दोरी ओढली जाते, बिस्किट उडतं, पोपट त्याच्यामागे झेपावतो, त्याची दांडी कलते, दाणे बादलीत सांडतात, लायटर पेटतो, अग्निबाण सुटतो, विळा दोरी कापतो आणि मग कुठे रुमाल हनुवटीवरून फिरतो. याला आपला शब्द तयारच आहे, द्राविडी प्राणायाम.

दौतटाक: अर्थ चपखल, पण एका प्रांताच्या लोकांचं नाव घेऊन बोललेलं मला बरं वाटत नाही. ‘खटाटोप’ घ्या. ‘खटाटोप-यंत्र’. उच्चारातच ते खडखडाट करत चालल्यासारखं वाटतं.

पाटीपेन्सिल: खटाटोप-यंत्र! मान्य, आजपासून हेच.

कळफलक: सॉफ्टवेअरसाठी ‘खोडी’. टर्मिनलवर, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायच्या पडद्यावर, फाइलींची यादी बघायला ‘एलएस’ टाइप करतात. घाईत अक्षरं उलटून ‘एसएल’ झालं आणि त्या नावाचा प्रोग्राम मशीनवर असला, तर पडद्यावरून अक्षरांनी काढलेलं वाफेचं इंजिन धूर सोडत जातं. एरवी चालू प्रोग्राम कंट्रोल-सी दाबून थांबवतात, पण मूळ प्रोग्रामात ते दाबूनही इंजिन थांबत नाही. गाडी जाईपर्यंत बघत बसायचं. नुकसान काही नाही. लिहिणाऱ्याने तुमची खोडी काढली, एवढंच. ‘विनोदी सॉफ्टवेअर’ म्हटलं तर हे नातं हरवतं. खोडी काढायला समोर कोणीतरी लागतं.

वाळवण: झारीला ‘अडनिडी’ म्हणा. आमची आजी अडनिडं वय, अडनिडं माप, अडनिडी खोली असं म्हणायची. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही, हाताशी नीट बसत नाही. शिवाय लिंगाप्रमाणे छान चालतो: अडनिडा काटा, अडनिडी झारी, अडनिडे बूट.

रानवेल: वाळवणताई, वाकडेपणा पुरेपूर आला. पण कौतुक?

वाळवण: ते विशेषणात शोधूच नका. मराठीत कौतुक वाक्याच्या घडणीत असतं. ‘अडनिडी झारी आहे’ ही तक्रार झाली. ‘काय अडनिडी झारी केलीय बाईने!’ ही दाद झाली. सगळं काम ‘काय’ आणि ‘केलीय’ करतात. करणारी व्यक्ती वाक्यात आली की वाकडेपणा मुद्दाम केलाय हे कळतं.

रानवेल: आत्ता आईला तेच वाक्य म्हणून दाखवलं. तिने चष्मा लावून फोटो पुन्हा मागितला. साठ्याच्या फोल्डरला ‘काय केलंय!’ नाव दिलं. झारी, रुमालाचं चित्र आणि आगगाडी, तिन्ही त्यात गेले.