प्रति: महिना 1200 महाग नाही का?

भाऊ, तुमचा हिशेब असा: मोठ्या चेनमध्ये वर्षाचे 12,000, अन् नंदनवनातल्या छोट्या जिममध्ये महिना 1200, म्हणजे वर्षाला 2400 जास्त. गणित बरोबर आहे, पण बाराही महिने जाणारे किती? आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 ला टेकला की संध्याकाळची बॅच ओस पडते, वर लग्नसराई. दोन महिने सुटले की महिनावारी भरणारा बरोबरीत, तीन सुटले तर फायद्यात.

जीएसटी पण बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवर 18 ऐवजी 5 टक्केच आहे. जुनंच रेटकार्ड दाखवत असतील तर टोका. नोंदणी नसलेल्या छोट्या जिमला तर तो लावताच येत नाही.

मी छोट्या जिमच्या बाजूने आहे ते मात्र वेगळ्याच कारणाने. मालक स्वतः उभा असतो, स्क्वॅट मारताना गुडघे आत वळले की लगेच ओरडतो. मोठ्या ठिकाणी याचेच पर्सनल ट्रेनिंग म्हणून वेगळे पैसे. एसी नाही, कूलर आहे (वाळ्याचा वास फुकट!). पैसे भरण्याआधी ॲडमिशन फी किती अन् गावाला गेलं तर महिना पुढे ढकलून देतात का, तेवढं विचारून घ्या.