वळताना कुठल्या लेनमधून निघता आणि कुठल्या लेनमध्ये पोचता? (अनुभव धागा)

गाडी शिकताना पुस्तकात वळणाचं जे चित्र असतं ते एका लेनच्या रस्त्याचं. प्रत्यक्षात तीन लेन येतात, त्यातल्या दोन वळतात, पलीकडे चार उघडतात आणि मधल्या डांबरावर एकही रेघ नसते. अशा चौकांत तुमच्याकडचा नियम काय आणि लोक वागतात कसे, ते इथे लिहा.

विनंती एकच. तुमच्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात की उजव्या, हे आधी सांगा. नाहीतर 'उजवं वळण सोपं' म्हणणारा आणि 'उजवं वळण म्हणजे डोकेदुखी' म्हणणारा, दोघेही बरोबर असतील आणि भांडत बसतील. मी आपलं जवळचं वळण आणि लांबचं वळण म्हणते. समोरून येणारी वाहतूक न कापता होतं ते जवळचं, कापून होतं ते लांबचं.

जवळचं वळण कडेच्या लेनमधून कडेला धरून, लांबचं वळण डिव्हायडरलगतच्या लेनमधून, आणि रस्त्यावर बाण काढले असतील तर ते शिरोधार्य. इथपर्यंत जगभर फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो पोचायचं कुठे यावर. माझ्या मते ज्या लेनमधून चौकात शिरलात तीच लेन घेऊन बाहेर पडावं, आणि बदलायची असेल तर वळण संपल्यावर, आरसा बघून, इंडिकेटर देऊन. सगळीकडचा कायदा माझ्या मताचा नाही, हे ठाऊक आहे. म्हणूनच धागा.

ड्रायव्हिंग शिकवणारा (भारत, डावी बाजू)

शिकायला येणाऱ्यांची गाडी वळताना हमखास बाहेर जाते. दोन लेन मिळून उजवीकडे वळत असतील तर आतली (डिव्हायडरकडची) गाडी बाहेरच्या गाडीच्या अंगावर सरकते. वेग हे एक कारण, पण मोठं कारण नजर. माणूस पुढच्या गाडीचे दिवे बघत वळतो. पुढचा चुकला की मागची सगळी रांग चुकते. मी सांगतो, स्टॉप लाइनवर उभे असतानाच पलीकडची आपली लेन डोळ्यांनी धरून ठेवा. डिव्हायडरपासून मोजायचं. इकडे दुसरी असेल तर तिकडेही दुसरीच. आणि ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही.

आपल्याकडे १९८९ च्या नियमांत उजव्या वळणाबद्दल एक नेमकं वाक्य होतं. दोन रस्त्यांच्या मध्यरेषा जिथे छेदतात तो बिंदू आपल्या उजव्या हाताला राहील असं त्याच्या पुढून वळायचं आणि नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूला पोचायचं. २०१७ मध्ये त्या नियमांच्या जागी नवी नियमावली आली. पण त्या बिंदूची आठवण मी अजून करून देतो, कारण बहुतेक लोक त्याच्या कितीतरी अलीकडून तिरका कट मारतात आणि आडव्या रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्यांच्या नाकासमोर उगवतात.

कॅलिफोर्नियातली (उजवी बाजू)

ताई, तुमच्या मताच्या विरुद्ध कायदा आमच्याकडचा. कॅलिफोर्नियात डावं वळण, म्हणजे तुमचं लांबचं, एकाच लेनमधून होत असेल तर चालक त्याच्या दिशेने जाणाऱ्या कुठल्याही मोकळ्या लेनमध्ये ते पुरं करू शकतो. उजवं वळण मात्र कडेला धरूनच. इथल्या कित्येक राज्यांत असं नाही, तिथे डावीकडे वळल्यावर सगळ्यात डावी लेनच घ्यायची. म्हणजे राज्याची हद्द ओलांडली की हात-पाय तेच, नियम दुसरा.

याने काय होतं ते सांगते. मला डावीकडचा हिरवा बाण मिळालाय. समोरच्या बाजूचा चालक लाल दिव्यावर उजवीकडे वळायला टपलाय. आम्ही दोघं एकाच रस्त्यात शिरणार. त्याचा हिशोब असा, की ही बाई आतली लेन घेईल, बाहेरची मला मोकळी. हिशोब सोयीचा, पण मी बाहेरच्या लेनमध्ये आले तरी कायद्याने माझंच बरोबर. लाल दिव्यावर वळणाऱ्याने आधी पूर्ण थांबायचं असतं आणि सगळ्यांना वाट देऊन मग निघायचं असतं. हे 'पूर्ण थांबणं' लोकांनी नुसतं हळू होण्यावर आणून ठेवलंय. न्यूयॉर्क शहरात तर पाटी असल्याशिवाय लालवर वळताच येत नाही, आणि बाहेरून येणाऱ्यांना तो धक्का असतो.

एवढं असूनही मी स्वतः आतलीच लेन घेते. कायद्याने मुभा दिली म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही.

ट्रेलर चालवणारा (उजवी बाजू)

कारवाल्यांसाठी लिहितो. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत, ती आतून जातात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आतून. म्हणून उजवीकडे वळण्याआधी मी डावीकडे ओढून घेतो. मागच्या कारला वाटतं मी डावीकडे निघालो किंवा तिला जागा करून दिली, आणि ती माझ्या आणि फुटपाथच्या मधे घुसते. ती जागा रिकामी नसते, माझ्या मागच्या चाकांसाठी राखून ठेवलेली असते.

दोन लेन डावीकडे वळत असतील तर मी बाहेरची घेतो. आतली घेतली तर ट्रेलरचं शेपूट डिव्हायडरवर चढेल, नाहीतर मला शेजारच्या लेनमध्ये ओसंडावं लागेल. तेव्हा वळणाच्या लेनमध्ये ट्रेलर दिसला तर त्याच्या शेजारून वळू नका. मागे राहा किंवा तो निघेपर्यंत थांबा. माझा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही मला दिसत नाही.

मेलबर्नचा (डावी बाजू)

आमच्याकडे उजवीकडे वळायचं तर डावी लेन धरायची! थट्टा नाही. शहराच्या मध्यभागी रस्त्याच्या मधोमध ट्राम धावतात. उजवीकडे वळणाऱ्या गाड्या रुळांवर वाट बघत उभ्या राहिल्या तर ट्राम अडकेल. म्हणून पाटी असलेल्या चौकांत हूक टर्न. हिरव्यावर डाव्या लेनमधून चौकात पुढे जायचं, पलीकडच्या टोकाशी डाव्या बाजूला, पादचाऱ्यांची पट्टी मोकळी ठेवून थांबायचं, आणि ज्या रस्त्यावर वळायचंय त्याचा दिवा हिरवा झाला की सगळ्या लेन कापत उजवीकडे जायचं.

पहिल्यांदा करताना पोटात गोळा येतो, कारण आपण चौकात आडवे उभे असतो आणि आपला दिवा लाल झालेला असतो. पण विचार केला तर सामान्य उजव्या वळणापेक्षा हे शांत आहे. समोरून येणाऱ्यांतली फट हेरायची नाही, मागच्याचा हॉर्न ऐकायचा नाही.

तैवानमधली स्कूटरवाली (उजवी बाजू)

हूक टर्नवाल्या दादांना हाय! आमचं रोजचंच. पुष्कळ चौकांत दुचाकीला थेट डावीकडे वळू देत नाहीत. सरळ जाऊन कोपऱ्यात आखलेल्या चौकोनात थांबायचं, तोंड फिरवायचं आणि आडव्या रस्त्याबरोबर सुटायचं. दोन टप्प्यांत वळण. जपानमध्येही छोट्या मोपेडना तीन किंवा जास्त लेनच्या सिग्नलच्या रस्त्यावर असंच वळावं लागतं. तिथे बाजू डावी, म्हणून वळण उजवं.

तक्रारी खूप आहेत. घाईच्या वेळी चौकोनात इतक्या स्कूटर जमतात की शेवटच्या दोन-तीन पादचाऱ्यांच्या पट्टीवर उभ्या राहतात. तरी चार लेन तिरक्या कापत डिव्हायडरपर्यंत जाण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं.

सायकलवाला (डेन्मार्क, उजवी बाजू)

आम्हाला तर डावीकडे वळायचा दुसरा मार्गच नाही, दोन टप्पेच. पण माझा मुद्दा जवळच्या वळणाचा आहे. सरळ जाणाऱ्या सायकलला खरा धोका शेजारून उजवीकडे वळणाऱ्या गाडीचा. चालक पुढे बघतो, डावीकडून कोण येतंय ते बघतो, उजव्या खांद्यावरून मागे बघत नाही. आरशात न दिसणारा एक पट्टा असतो आणि सायकल नेमकी त्यातच असते. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोड (तिथली रस्त्याच्या नियमांची पुस्तिका) बदलून हे ठळक लिहिलं, की वळताना सरळ जाणाऱ्या सायकलला आडवं जायचं नाही, आणि ज्या रस्त्यात वळताय तो ओलांडायला थांबलेल्या पादचाऱ्यालाही वाट द्यायची.

पायी चालणारी

सायकलवाल्यांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी गाडी चालवत नाही, पण दोन लेन वळणाऱ्या चौकाची मला सगळ्यात भीती वाटते. पहिल्या लेनमधला भला माणूस थांबतो, हाताने 'जा' म्हणतो. मी निघते. त्याच्या गाडीआडून दुसऱ्या लेनमधला येतो, त्याला मी दिसलेली नसते आणि मलाही तो दिसलेला नसतो. हल्ली मी पहिल्या गाडीच्या पुढे आले की थांबते, मान काढून दुसरी लेन बघते, मगच पुढे. चालकांनो, शेजारची गाडी विनाकारण थांबलीय असं वाटलं तर ती विनाकारण थांबलेली नसते.

'फ्री लेफ्ट'ला वैतागलेला (भारत, डावी बाजू)

मला सरळ जायचंय, डावी लेन 'सरळ आणि डावीकडे' अशा बाणाची आहे, दिवा लाल आहे. मी स्टॉप लाइनवर उभा. मागे हॉर्नचा कहर, कारण त्यांना फ्री लेफ्ट हवंय. मी सरकलो तर झेब्रा क्रॉसिंगवर जाणार. काय करावं माणसाने?

ड्रायव्हिंग शिकवणारा

उभं राहावं. लाल दिवा सगळ्यांना लाल. डावीकडे सोडायचं असेल तिथे तशी पाटी, हिरवा बाण किंवा वेगळी काढलेली लेन असते. ती नसेल तर फ्री लेफ्ट हा फक्त समज. आणि जिथे आहे तिथेही 'फ्री' म्हणजे न बघता नव्हे. उलट बाजूनेही सांगतो: डावीकडची लेन फक्त डावीकडचा बाण दाखवत असेल आणि तुम्हाला सरळ जायचं असेल, तर पुढे जागा दिसली म्हणून तिथे जाऊन उभे राहू नका. मग हॉर्न वाजवणाऱ्याचं बरोबर असतं.

एक वाचक (जर्मनी, उजवी बाजू)

इकडे लाल दिव्याशेजारी हिरव्या बाणाची छोटी पत्र्याची पाटी काही ठिकाणी असते. ती असली तर लालवर उजवीकडे वळता येतं, पण आधी पूर्ण थांबून. ही पाटी मूळची पूर्व जर्मनीची, एकीकरणानंतर सगळीकडे लागू झाली. नव्याने आलेले लोक तिला हिरवा दिवाच समजतात आणि थांबत नाहीत.

सिग्नलचं काम करणारा

लांबच्या वळणाबद्दल आतून दिसतं ते सांगतो. हिरवा गोल आणि हिरवा बाण यांत लोक फरक करत नाहीत. बाण म्हणजे समोरची वाहतूक थांबवलेली आहे. गोल म्हणजे समोरचेही सुटलेत, फट मिळाली तर वळा. वळणाच्या लेन दोन केल्या की आम्ही सहसा फक्त बाणावरच सोडतो, कारण बाहेरच्या लेनमधल्याला आतल्या लेनमधल्या गाडीमुळे समोरचं दिसत नाही.

चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात. एका लेनच्या गोल चौकात ८ ठिकाणी. त्या ३२ मधला मोठा वाटा लांबच्या वळणाचा आहे. म्हणून ते वळण चौकातून हाकलून द्यायच्या युक्त्या निघाल्या. अमेरिकेत (उजवी बाजू) मिशिगनमध्ये कित्येक मोठ्या रस्त्यांवर सरळ पुढे जाऊन दुभाजकातून यू टर्न घ्यायचा आणि मग उजवीकडे वळायचं. न्यू जर्सीत डावीकडे जायचं तर आधी उजवीकडच्या फाट्याने बाहेर पडायचं. यूपीएससारखी पार्सल पोचवणारी तिथली कंपनी आपल्या गाड्यांचे मार्गच डावी वळणं कमीत कमी येतील असे आखते.

चालकांना एक गोष्ट आवर्जून सांगेन. चौकात फटीची वाट बघत उभे असाल तेव्हा चाकं सरळ ठेवा. आधीच वळवून ठेवली आणि मागून धडक बसली तर गाडी थेट समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते. चाकं सरळ असतील तर ती सरळ पुढे जाते.

नवीन परवानावाली

शंका: चुकून वळणाच्या लेनमध्ये अडकलं आणि जायचं सरळ असेल तर?

कॅलिफोर्नियातली

वळायचं. लेन नेईल तिकडे जायचं आणि पुढून फिरून यायचं. मधेच थांबून इंडिकेटर देत शेजारच्यांची करुणा भाकणारे लोक अख्खी रांग एका सिग्नलने मागे टाकतात.

नवीन परवानावाली

आणि दोन वळणाऱ्या लेन असताना यू टर्न?

ट्रेलर चालवणारा

परवानगी असेल तर डिव्हायडरलगतच्या लेनमधूनच. बाहेरच्या लेनमधून यू टर्न घ्याल तर आतली गाडी तुमच्या दारात घुसेल. आणि आतल्या लेनमधून घेतलात तरी, आडव्या रस्त्यावरून लालवर जवळचं वळण घेणारा तुम्ही पोचताय त्याच रस्त्यात शिरत असतो. तो तुमच्याकडे यू टर्नवाला म्हणून बघतच नाही, त्याला वाटतं तुम्ही त्याच्या रस्त्याकडे वळताय. त्याची पुढची चाकं बघा. ती फिरत असतील तर थांबा.