शेवळं कुठं उगवतात हे सगळ्यांना सांगायचं का?

पाणंद:
गेल्या जूनमधली गोष्ट आहे. वर्ष झालं तरी डोक्यातून जात नाही, म्हणून इथं मांडते.

माझं आजोळ मुरबाड तालुक्यात. गावामागच्या उतारावर पहिले दोन-तीन पाऊस पडले की फोडशी ही रानभाजी उगवायची. लांबून बघाल तर नुसतं गवत. लहानपणी मी आजीकडे कामाला येणाऱ्या कातकरी मावशींच्या मागे मागे तिकडे जायचे. त्या पात्यांचा झुबका डाव्या मुठीत धरायच्या आणि विळ्यानं मातीच्या दोन बोटं वर कापायच्या. मी एकदा हौसेनं मुळासकट उपटली, तर हातावर चापट बसली. "पोरी, पुढल्या साली काय माती खाशील?" एवढंच बोलल्या आणि ते रोप परत मातीत खोचलं.

गेल्या वर्षी शहरातून एक रानभाजी ओळखण्याची सहल आली. माणसं वाईट नव्हती, कौतुकानं बघत होती. कुणीतरी उताराचे फोटो टाकले, खाली नकाशावरची खूण टाकली. पुढच्या दोन रविवारी गाड्याच गाड्या. मी गेले तेव्हा उतारावर जागोजाग खड्डे होते. कुंडीत लावायला म्हणून लोकांनी कंदासकट रोपं नेली होती.

माझं मत सरळ आहे. रानभाज्यांची नावं लिहा, पाककृती लिहा. पण जागा सांगणं आणि 'अशी ओळखा, अशी काढा' असे व्हिडिओ टाकणं आपण थांबवलं पाहिजे. हे शिक्षण एका माणसाकडून दुसऱ्याला मिळत आलं, चापटीसकट. चापट वगळून नुसती माहिती वाटली की असे खड्डे पडतात.

काकडं-सोडे:
पाणंदताई, खड्ड्यांचं वाचून फार वाईट वाटलं. तरी मी असहमत आहे.

माझं सासर ठाण्यातलं. सासूबाई मे संपता संपता स्टेशनबाहेर शेवळं, म्हणजे रानातल्या एका कंदाचे कोवळे फुलोरे, शोधायच्या. शेवळांच्या जुड्यांबरोबर हिरवी काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, मागून घ्यायची, हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं. शेवळाचं वरचं आवरण उलगडायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं, काकडं ठेचून त्यांच्या आंबट पाण्यात शिजवायचं आणि मग सोडे घालायचे. पिवळा भाग राहिला किंवा आंबट कमी पडलं तर घसा असा खाजतो की रात्रभर झोप नाही. एवढं सगळं कुणीतरी कधीतरी घसा खाजवून घेऊनच शिकलं असणार ना?

माझ्या मुलीला काकड हे झाड असतं हे माहीत नव्हतं. मी व्हिडिओ करून टाकला तेव्हा तिनं पाहिला. तिच्या तीन मैत्रिणींनी त्या वर्षी पहिल्यांदा शेवळं विकत घेतली. तुमच्या मावशींच्या मागे फिरायला आता कोणती नात मोकळी आहे? न सांगता हे टिकेल असं तुम्हाला वाटतं, मला वाटतं न सांगितल्यानंच ते जाईल.

पाड्यावरचा:
मी ठाकर आहे, कर्जतकडचा. या धाग्यावर 'आपण थांबवलं पाहिजे' असं वाचलं. आपण म्हणजे कोण?

माझी आई मे अखेरपासून भाज्या विकते. शेवळं, मग कुड्याची फुलं, टाकळा, भारंगी, कंटोली. आवणीची (भातलावणीची) मजुरी सुरू व्हायच्या आधी घरात पैसा नसतो आणि नेमक्या तेव्हाच शाळा उघडतात. माझ्या दहावीची पुस्तकं शेवळांच्या पैशातून आली. आई पहाटे तीनला उठून डोंगर चढायची, मिळेल त्या गाडीनं शहर गाठायची आणि फुटपाथवर वाटे लावून बसायची. शहरातल्या लोकांना भाजी कळली नाही तर तिच्याकडून घेणार कोण? काकडं-सोडे ताईंचे व्हिडिओ बघून कुणी आईकडून दोन जुड्या जास्त घेत असेल तर माझी काही तक्रार नाही.

दुसरं. तुमचा उतार सहलीनं बिघडला असेल. आमच्याकडचे दोन उतार फार्महाऊसच्या प्लॉटांत गेले, एक खडीच्या खाणीत. बांधावर तणनाशक मारायला लागल्यापासून टाकळा आणि कुर्डू घराजवळ मिळत नाही, लांब जावं लागतं. त्यावर कुणी धागा काढत नाही.

हर्बेरियम:
मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पाणंद यांच्या बाजूनं बोलते, कारण माहिती सुटली की बाजार तिच्यामागे धावतो हे मी पाहिलं आहे.

सफेद मुसळी म्हणून जिची मुळं विकली जातात ती फोडशीच्याच कुळातली. तिच्या शास्त्रीय नावात चक्क बोरिवली आहे. भाजी म्हणून पानं खाणाऱ्यांनी ती पिढ्यान् पिढ्या टिकवली, मुळाला भाव आल्यावर रानातली मुसळी बघता बघता विरळ झाली. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचं तेच. त्याच्यापासून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगाच्या औषधांना लागणारं द्रव्य मिळतं हे कळल्यावर झाडंच्या झाडं तोडून चोरट्या मार्गानं गेली.

केरळातल्या काणी आदिवासींचं उदाहरण तर अभ्यासक्रमात असतं. १९८७ मध्ये अगस्त्यमलाईच्या डोंगरात संशोधकांबरोबर वाटाडे म्हणून गेलेले काणी थकत कसे नाहीत, तर ते वाटेत एक छोटं फळ खात होते. ते आरोग्यपचाचं. आधी सांगायला तयार नव्हते, मग सांगितलं. त्यातून 'जीवनी' नावाचं औषध निघालं. परवान्याच्या पैशातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं, १९९७ मध्ये त्यासाठी न्यास झाला. जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण मागणी वाढताच बाहेरचे लोक जंगलातून रोपं उपटून नेऊ लागले, आणि सांगायला हवं होतं की नको यावरून काणींमध्येच मतभेद झाले. वाटा मिळूनही हे झालं. नकाशावर खूण टाकणाऱ्यांकडून तर वाटाही मिळत नाही.

कागद_हवा:
हर्बेरियम मॅडम, काणींची गोष्ट अर्धीच बाजू दाखवते. हळदीची आठवा. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. हे आमच्याकडे घरोघरी करतात, असं तोंडी सांगून ते हललं नसतं. सीएसआयआर या भारतातल्या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ, छापील लेख पुढे ठेवले तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. जे लिहिलेलं नाही ते तुमचं होतं हे सिद्ध करता येत नाही. माझ्या मते प्रत्येक पाड्यानं आपल्याला काय माहीत आहे ते लिहून काढलं पाहिजे, आणि तेही लवकर. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लोक जैवविविधता नोंदवहीची, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राणी आणि त्यांच्याबद्दलचं ज्ञान लिहून ठेवण्याच्या वहीची, सोय त्यासाठीच आहे.

पाड्यावरचा:
दादा, आमच्या ग्रामपंचायतीची नोंदवही मी पाहिली आहे. ३१ जानेवारी २०२० ची मुदत होती म्हणून घाईत भरली. आईला कुणी विचारलं नाही. यादीत आमच्याकडे न उगवणाऱ्या वनस्पती आहेत आणि शेवळा नाही. असा कागद मला नको.

आणि लिहिलं म्हणजे संरक्षण मिळालं असं नाही. २०२३ च्या दुरुस्तीत ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभातला वाटा देण्यातून सूट मिळाली. म्हणजे ग्रंथात गेलं की वाटा सुटला. आईचं तर ग्रंथातही नाही आणि वहीतही नाही.

कागद_हवा:
नोंदवही वाईट भरली, म्हणून नोंद वाईट ठरत नाही. उलट तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलानं ती ग्रामसभेत उघडून बसायला हवं. वनहक्क कायद्यात पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे, कलम ३. गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि बांबू कुणी, कधी, किती तोडायचा ते ग्रामसभा ठरवू लागली. तिथे आधी वर्षानुवर्षं गावकऱ्यांचे अभ्यासगट चालले होते. ती तयारी तुमच्या पाड्यावर का होऊ नये?

घोरपडपावसाळी:
मी वन्यजीव बचावाचं काम करतो. सगळेच पारंपरिक ज्ञानापुढे हात जोडताना दिसतात, म्हणून थोडं कडू लिहितो.

घोरपड कमरेच्या दुखण्यावर, खवले मांजराचे खवले आणखी कशावर, हेही 'पूर्वापार' म्हणूनच विकलं जातं. दोन्ही प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जादुई मुळी म्हणून विकली जाणारी हत्थाजोडी म्हणजे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय, ही वनस्पतीच नाही. एका पोत्यातून जिवंत घोरपडी सोडवल्या आहेत मी, तोंडं शिवलेल्या. त्यामुळे पूर्वीपासून चालत आलं आहे एवढं माझ्यासाठी पुरेसं नाही. वलगणीच्या मासेमारीचंही तेच. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे ओढ्याच्या उलट्या प्रवाहानं चढतात आणि नेमके तेव्हाच आपण ते धरतो. हे कसलं शहाणपण?

पाड्यावरचा:
घोरपडीबद्दल पूर्ण मान्य. त्याला माझा विरोध नाही.

वलगणीबद्दल सांगतो. आजोबा भातशेताच्या पाण्यात टोपली लावायचे, एक-दोन रात्री. लोंढ्यातले बरेच मासे वर निघून जायचे, टोपलीत पडतील तेवढे आपले. आता बाहेरून लोक बॅटरीचा करंट घेऊन येतात, ब्लीचिंग पावडर टाकतात. पिल्लू, बेडूक, मुठा खेकडा, काही उरत नाही. वलगणीत मासे चढतात ही माहिती दोघांकडे सारखीच आहे. टोपलीला जे कळत होतं ते बॅटरीला कळत नाही.

पाणंद:
हेच, हेच म्हणत होते मी. तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत.

रात्रपाळी:
मी परिचारिका आहे. गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब उलट्या करत आमच्याकडे आलं. मोबाईलवरचा फोटो जुळवून अळंबी काढून आणली होती. सगळे वाचले, पण धाकटी तीन दिवस दवाखान्यात होती. वारुळावर उगवणारी रोवण अळंबी ओळखणाऱ्या बाईला माती, दिवस, वास, देठ, सगळं कळतं. फोटोत टोपी तेवढी दिसते. कळलावीचा कंद रताळं समजून खाणारेही असतात आणि तो जीव घेतो. कृपा करून ओळखायचे व्हिडिओ टाकू नका. विकत घ्या, विचारून घ्या.

काकडं-सोडे:
रात्रपाळीताई, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. माझ्या व्हिडिओत मी शेवळं बाजारातून आणते, पण सुरुवातीला 'कुठेही डोंगरावर मिळतात' असं वाक्य आहे. ते आजच काढते. पाककृती मात्र ठेवणार. त्यावर मी मागे हटणार नाही.

हर्बेरियम:
पाककृतीतसुद्धा एक ओळ घालाल का? शेवळा म्हणजे त्या झाडाचा फुलोरा. तो खुडला की त्या वर्षी त्या झाडाला बी धरत नाही. कंद राहतो, पानही मागून येतं, पण सगळेच फुलोरे गेले तर नवीन रोपं येणार कुठून? खाणाऱ्याला एवढं माहीत असलं तर जून संपल्यावरही 'अजून आणा' असा तगादा तो लावणार नाही.

कागद_हवा:
हे सगळं ठीक, पण कोण कुणाला विचारून लिहिणार याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. जागा लपवून खाण थांबत नाही. उलट डोंगरात काय आहे याची नोंदच नसेल तर खाणीला परवानगी देताना 'इथे काही नाही' असं लिहायला सोपं जातं.

पाणंद:
खाणीचा मुद्दा मला खोडता येत नाही. आणि पाड्यावरचा दादांचा पहिला प्रश्न दोन दिवस माझ्या मनात आहे. मी 'आपण' लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझ्यासारखेच होते. जिनं मला चापट मारली तिची नातवंडं आज वीटभट्टीवर आहेत, त्यांना विचारायला मी गेले नाही. तेव्हा बदलते: नकाशावरची खूण टाकू नये यावर मी ठाम आहे. बाकी काय सांगायचं आणि काय वहीत जायचं, ते भाजी काढणाऱ्या बायका ठरवतील. मात्र त्यांना न विचारता भरलेल्या वहीपेक्षा कोरी वही बरी, असं मला अजूनही वाटतं.

कागद_हवा:
कोरी वही कधीच बरी नाही. इथे आपलं जमणार नाही.

पाड्यावरचा:
काल आईला हा धागा वाचून दाखवला. कडूकंदाची चौकशी कुणीच कशी केली नाही म्हणाली. कंद चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायचा, मग फडक्यात बांधून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायचा. तेव्हा कुठे त्याचा कडूपणा जातो. हे लिहायला तिची हरकत नाही, कारण एवढी मेहनत करणारा माणूस कंद वाया घालवत नाही, असं तिचं म्हणणं.

शेवळांबद्दल विचारलं, किती ठेवतेस मागे? म्हणाली, मोजत नाही, पण एका उतारावर एका पावसात दोनदा जात नाही. दुसऱ्यांदा निघतात ती डोंगराची. नोंदवहीत हे लिहू का विचारलं, तर म्हणाली लिही, पण ग्रामसभेत वाचून दाखवायला मी स्वतः येणार. ऑगस्टची सभा आहे. कागद_हवा दादा, अर्ज कसा लिहायचा ते सांगाल का?

कागद_हवा:
सांगतो. आधी नोंदवही ठेवणाऱ्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत सध्या कोण आहे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी मागा. कोऱ्या कागदावर चालेल, पोच घ्या. पुढचं उद्या सविस्तर लिहितो.